ओबो म्हणजे बदक की हंस? पोरांना ऑर्केस्ट्रा ऐकवतानाचा अनुभव

मुलांना पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राची ओळख करून द्यायची म्हटलं की शाळेत सगळ्यात आधी काय निघतं, तर तक्ता. वर व्हायोलिन, खाली चेलो, बाजूला ट्रंपेट, आणि शेजारी चार गटांची नावं: तंतुवाद्यं, लाकडी फुंकवाद्यं, पितळी फुंकवाद्यं, तालवाद्यं. पोरं ते पाठ करतात, परीक्षेत जोड्या लावतात, आणि दुसऱ्या दिवशी ओबो, म्हणजे सनईच्या जातीचं फुंकवाद्य, ऐकवला तर ढिम्म ओळखत नाहीत. मला तिसरी-चौथीतल्या मुलांबरोबर हे काम करायची संधी मिळाली ती शाळेतल्या संगीताच्या बाईंमुळे. मी वाजवणारी नाही, ऐकणारी आहे, बरीच वर्षं वेड्यासारखी ऐकणारी. बाई म्हणाल्या, "ताई तुम्ही बोला, ऐकवा काय ऐकवायचं ते, वर्ग मी सांभाळते." मी एकच अट घातली, तक्ता शेवटी लावायचा.

सुरुवात केली ती डोळे मिटून. एकेका वाद्याचा एकटा आवाज, अर्धा मिनिट, जास्त नाही. नाव सांगायचं नाही, चित्र दाखवायचं नाही, फक्त हा आवाज कसा आहे ते सांगा. पहिल्यांदा सगळे "छान" म्हणाले. दुसऱ्या आवाजालाही "छान". मग मी सांगितलं की छान, गोड, मस्त हे तीन शब्द बंद, आणि मग जी काय मजा आली! ओबो ऐकून एकजण म्हणाला सर्दी झालेला माणूस गातोय. बसून, म्हणजे ओबोचा लांबलचक, खर्जातला भाऊ, त्याला म्हणाले खोकला यायच्या आधीचा आवाज. व्हायोलिनपेक्षा जरा मोठ्या व्हायोलाला एक मुलगी म्हणाली, व्हायोलिनच आहे पण झोपेतून उठलेलं. आणि फ्रेंच हॉर्न, ते गोल गुंडाळलेल्या नळीचं पितळी वाद्य, लावल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "हा लांबून येतोय". आता स्पीकर सगळ्यांना सारखाच होता, लांबून कुठून येणार, पण त्याचं चुकलं नव्हतं, कारण हॉर्नचं रुंद तोंड मागे वळलेलं असतं, वाजवणाऱ्याचा हात त्यात अर्धा घातलेला असतो आणि आपल्यापर्यंत येतो तो बराचसा मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज. हे मी तेव्हा सांगितलं नाही. फळ्यावर सगळी वाक्यं पोरांच्याच शब्दात लिहून ठेवली आणि बरेच आठवडे वर्गात नावं चालली ती हीच. "ताई, सर्दीवाला लावा ना."

आवाज ओळखतो म्हणजे आपला कान नक्की काय पकडतो, हे दाखवायला एक सोपा प्रयोग आहे आणि तो मी कुणालाही करायला सांगेन. पियानोचा एकच सूर मोबाईलवर रेकॉर्ड करायचा आणि कुठल्याही साध्या अ‍ॅपमध्ये तो उलटा वाजवायचा. सूर तोच, पट्टी तीच, पण पियानो गायब! हातोडी तारेवर आपटते तो पहिला क्षण शेवटी जातो आणि ऐकू येते ती हवेने फुगत जाणारी पेटी. माझ्या वर्गात एकालाही पियानो ओळखता आला नाही, "हार्मोनियम, हार्मोनियम" ओरडले सगळे. दुसरा प्रकार म्हणजे सुराची नुसती सुरुवात कापून टाकायची, मग फ्लूट आणि व्हायोलिनमध्येसुद्धा घोळ होतो. वाद्याची अर्धी ओळख त्या पहिल्या क्षणात असते, फुंकरीचा "फू", गजाचा "खर्र", ओठांचा "प्र". पोरांना हे कळल्यावर ती सुरुवातीलाच कान टवकारायला लागली, मध्येच ऐकायला लागणं बंद झालं.

मग आवाज तयार करायचा तास. हा तास शेजारच्या वर्गांना आवडला नाही, ते बाईंनी निस्तरलं.

सगळ्यात हिट म्हणजे स्ट्रॉ. प्लास्टिकच्या स्ट्रॉचं एक टोक दातांनी दाबून चपटं करायचं, कात्रीने दोन्ही बाजूंनी तिरकं कापून टोकदार करायचं, ओठात धरून जोरात फुंकायचं. आधी नुसती हवा जाते, मग अचानक भयंकर कर्कश आवाज निघतो आणि वर्गभर हशा. त्या दोन पात्या एकमेकींवर थडथडतात, ओबोत आणि बसूनमध्ये नेमकं हेच होतं, सनईतही, फक्त तिथे पात्या बोरूसारख्या गवताच्या असतात. फुंकत असतानाच दुसऱ्या टोकाने कात्रीने तुकडे कापत गेलं की सूर चढत जातो, म्हणजे नळी जेवढी आखूड तेवढा सूर वरचा, हे सांगावं लागलंच नाही. एका मुलाने तर दोन स्ट्रॉ जोडून लांब केली आणि खालचा सूर काढून दाखवला, मला हे सुचलं नव्हतं.

बाटल्यांचा प्रयोग जरा जपून करा, कारण यात मोठी माणसं हमखास गोंधळतात. काचेच्या बाटलीत पाणी भरत जाऊन तोंडावर फुंकलं तर सूर चढतो. त्याच बाटलीवर चमच्याने टिचकी मारली तर पाणी वाढल्यावर सूर उतरतो! बाटली तीच, पाणी तेच. फुंकताना थरथरते ती आतली हवा, आणि पाणी वाढलं की हवा कमी होते. टिचकी मारताना थरथरते ती काच, आणि पाण्यामुळे ती जड होते. बाईंनी दोनदा करून बघितलं, मग म्हणाल्या, "अहो, हे मला कुणी शिकवलंच नाही कधी." पोरांनी मात्र यातून एक प्रश्न उचलला जो पुढे सगळीकडे चालला: इथे थरथरतंय काय? तार, हवा, ओठ, पाती, कातडं की धातू? मला विचाराल तर चार गटांच्या नावांपेक्षा हा एक प्रश्न जास्त कामाचा आहे, कारण नाहीतर फ्लूट चांदीसारखा चमकतो आणि तरी लाकडी गटात का, हे सांगता सांगता नाकी नऊ येतात.

बागेला पाणी घालायच्या पाइपचा तुकडा, एका टोकाला नरसाळं, दुसऱ्या टोकाला ट्रंपेटचं माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचा भाग, झाला हॉर्न. फ्रेंच हॉर्नची नळी सरळ केली तर साधारण पावणेचार मीटर भरते, आम्ही पाइप तेवढाच कापला आणि वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धरून उभे राहिलो. ओठ घट्ट मिटून फुरफुरवायचे, आणि पाइपातून खरंच हॉर्नचा आवाज येतो. गंमत अशी की सूर मोजकेच निघतात, ओठ जरा आवळले की एकदम वरच्या सुरावर उडी. "मधले सूर कुठे गेले?" असं एका मुलीने विचारलं तेव्हा मला आनंदाने नाचावंसं वाटलं, कारण शेकडो वर्षं हॉर्न आणि ट्रंपेट वाजवणाऱ्यांची हीच तर अडचण होती. १८१८ मध्ये बर्लिनला व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं गेलं आणि त्यानंतर बोट दाबून नळी क्षणात लांब करता यायला लागली, तेव्हा कुठे मधले सगळे सूर हाताशी आले. त्याआधीचे लोक हॉर्नच्या तोंडात हात कमी-जास्त घालून काही सूर मिळवायचे.

आता संगीताकडे. मुलांसाठी म्हणून जी रचना सगळे लावतात ती म्हणजे रशियन संगीतकार प्रोकोफिएफची पीटर अँड द वुल्फ, गोष्ट सांगत वाजणारी, १९३६ ची, मॉस्कोच्या बालरंगभूमीसाठी नतालिया सात्स यांनी त्याच्याकडून करून घेतलेली. पक्षी फ्लूट, बदक ओबो, मांजर क्लॅरिनेट, आजोबा बसून, लांडगा तीन हॉर्न, पीटर म्हणजे सगळी तंतुवाद्यं, आणि शिकाऱ्यांच्या बंदुका म्हणजे टिंपनी (नगाऱ्यासारखं वाद्य) आणि मोठा ड्रम. रचना सुंदरच आहे, त्यात वाद नाही. लांडगा बदकाला गिळतो, आणि शेवटी त्याच्या पोटातून ओबो ऐकू येतो तेव्हा अख्खा वर्ग "बदक जिवंत आहे!" म्हणून उठून उभा राहिला. पण माझी एक तक्रार आहे, ही ऐकली की ओबो जन्मभर बदक होऊन बसतो. पुढच्या आठवड्यात ओबो कुठेही वाजला की "बदक!" म्हणून हात वर. सर्दीवाला गेला, खुद्द ओबो गेला, उरलं बदक.

म्हणून मी लगेच चायकोव्स्की या रशियन संगीतकाराचं स्वान लेक लावलं, १८७७ चं बॅले, म्हणजे नृत्यनाट्य, त्यातली ती प्रसिद्ध धून. खाली तंतुवाद्यांची थरथर, हार्प, आणि वर एकटा ओबो. डोळे मिटलेलेच. "बदक आहे पण दुःखी आहे." मी म्हटलं हा हंस आहे. वर्गात शांतता. मग फ्रेंच संगीतकार सँ-सान्सच्या कार्निव्हल ऑफ द अ‍ॅनिमल्समधला हंस लावला, १८८६ चा, तिथे हंस म्हणजे चेलो. आता मात्र पोरं भडकली. "ताई, हंस नक्की कोण आहे?" एक गट म्हणे ओबोच, कारण हंसाची मान लांब आणि आवाज बारीक. दुसरा म्हणे चेलो, कारण हंस आवाज करत नाही, तो पोहतो, आणि चेलोचा आवाज पोहतो. हे वाक्य आठ-नऊ वर्षांच्या पोराचं आहे, माझं नाही. भांडण मिटलं नाही आणि मी मिटवलं पण नाही.

अमेरिकन संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राबरोबर १९५८ ते १९७२ मुलांसाठी टीव्हीवर कार्यक्रम करायचा, त्यातल्या पहिल्याच कार्यक्रमाचा विषय होता संगीताचा अर्थ काय. त्याने रोसिनीचं विल्यम टेल वाजवलं, पोरांना आठवला त्याच धुनेवर दौडणारा टीव्ही मालिकेतला घोडेस्वार, आणि त्याने सरळ सांगून टाकलं की या सुरांचा घोड्याशी काही संबंध नाही, अर्थ सुरांमध्येच आहे. मला हे पूर्ण पटत नाही. मुलांना गोष्ट लागते, नाहीतर ती पाच मिनिटं बसत नाहीत. पण एकाच वाद्याला दोन गोष्टी द्याव्यात आणि एकाच गोष्टीला दोन वाद्यं, मग गोष्ट आपोआप सैल होते आणि आवाज मोकळा होतो.

सँ-सान्सच्या त्याच रचनेत कासव आहे, आणि ते वाजवायची एक युक्ती सांगते. आधी ऑफनबाखचा कॅनकॅन लावायचा, तो वेगवान नाचाचा, पोरं बाकावर ठेका धरतात. मग काहीही न सांगता कासव लावायचं. एक मिनिटाने कुणीतरी दबक्या आवाजात म्हणतं, "अरे हे तर तेच आहे". तीच धून, रांगत चाललेली. हत्तीचंही तसंच, दुसऱ्यांच्या नाजूक, हलक्या सुरावटी उचलून डबल बेसला, म्हणजे सगळ्यात खर्जातल्या तंतुवाद्याला, दिल्यात. सँ-सान्सने हे सगळं गमतीत लिहिलं होतं, आणि गंभीर संगीतकार म्हणून असलेलं आपलं नाव खराब होईल या भीतीने जिवंतपणी हंस सोडून बाकी काही छापूच दिलं नाही. तो १९२१ मध्ये गेला, त्यानंतर ते छापून आलं. पोरांचं यावर मत: "किती खडूस!"

मग हायडन या संगीतकाराची ९४ वी सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची रचना), सरप्राइज, तिचा दुसरा भाग. हळू आवाजात, अगदी हळू आवाजात, तेच पुन्हा आणखी दबक्या आवाजात, आणि सोळाव्या मात्रागटाला धडाम! दोन मुलं खरोखर बाकावरून घसरली. पण खरी गंमत नंतर होती. हायडन ते धडाम पुन्हा करतच नाही. आणि पोरांना ते माहीत नव्हतं. त्यामुळे पुढची सगळी मिनिटं वर्ग खांदे आखडून, श्वास धरून, एकही सूर न सोडता बसला, कारण आता येईल, आता येईल. एवढं लक्ष देऊन त्यांनी दुसरं काहीच ऐकलं नाही. संपल्यावर एकजण रागाने म्हणाला, "फसवलं आपल्याला", आणि दुसरा म्हणाला, "परत लावा".

मग वाजवणारे लोक आले. ओळखीतून तिघं तयार झाले, व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि फ्रेंच हॉर्न. ठरवून सांगितलं होतं की कार्यक्रम नको, वाद्यं खोलून दाखवा. व्हायोलिनवाल्या ताईंनी दोन गज आणले होते, एक नेहमीचा आणि एक नवा कोरा, ज्याच्या केसांना राळ लावलीच नव्हती. कोरा गज तारेवर फिरवला, काहीच नाही, नुसती सरसर. पोरांना वाटलं व्हायोलिन बिघडलं. मग त्यांनी राळेचा तुकडा घासला, दहा-बारा वेळा, गज पुन्हा फिरवला, आणि सूर! घोड्याचे केस तारेला पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात, सेकंदाला शेकडो वेळा, राळ नसेल तर पकडच नाही. एका मुलाला हात लावू दिला, त्याची बोटं चिकट झाली आणि त्याने ती दिवसभर धुतली नाहीत असं त्याच्या आईने नंतर सांगितलं.

क्लॅरिनेटवाल्या काकांनी आधी बोरूची पाती तोंडात धरून ओली केली, "ईईई", मग नुसत्या माउथपीसमधून एक किंचाळी काढली, मग एकेक तुकडा जोडत गेले आणि प्रत्येक तुकड्यागणिक किंचाळीचा सूर होत गेला. हॉर्नवाल्यांनी मध्येच नळी काढून पाणी झटकलं. "थुंकी! थुंकी!" एकच गोंधळ. ते हसून म्हणाले, थुंकी थोडी, बाकी वाफ, थंड काचेवर फुंकलं की जमते तशी. मग काय, सगळे जण खिडकीच्या काचा फुंकायला धावले. एक सूचना: पितळी वाद्याच्या तोंडासमोर मुलांना जवळ बसवू नका, कानाला खरोखर त्रास होतो, बाजूला बसवा. आणि लाजरी मुलं असतील तर फुगवलेला फुगा हातात द्या, खालचे सूर फुग्यातून तळहातावर येतात. एव्हलिन ग्लेनी ही तालवादक बाराव्या वर्षापासून जवळपास पूर्ण बहिरी आहे आणि अनवाणी वाजवते, जमिनीतून सूर घेते, हे ऐकल्यावर अर्ध्या वर्गाने चपला काढल्या.

व्हायोलिनं इतकी का लागतात आणि ट्रंपेट दोन-तीनच का, याचं उत्तर आम्ही गुणगुणून काढलं. एकाने एक सूर धरायचा, मग दोघांनी, मग दहा जणांनी. दोघांचा आवाज दुप्पट वाटत नाही, जेमतेम फरक कळतो, दुप्पट वाटायला साधारण दहा जण लागतात. म्हणून मऊ आवाजाची व्हायोलिनं घोळक्याने आणि पुढे, दणदणीत मंडळी थोडी आणि मागे.

कंडक्टर, म्हणजे पुढे उभा राहून हाताने ऑर्केस्ट्रा चालवणारा, याच्याबद्दल पोरांना एकच शंका होती, तो करतो काय? एकेकाला पुढे उभं करून बाकीच्यांना टाळ्यांवर ठेवलं. जो हात फिरवायला आला तो टाळ्यांच्या मागे मागे जायला लागला आणि लय मंदावत मंदावत थांबली, तेव्हा त्यांनाच कळलं की हाताने आवाजाच्या आधी जायचं असतं. आणि ल्युलीची गोष्ट सांगितली, फ्रेंच राजदरबारचा संगीतकार, १६८७ मध्ये जड काठी जमिनीवर आपटून ताल देताना ती स्वतःच्याच पायावर मारून घेतली, जखम चिघळली आणि तो गेला. सगळ्यांना सगळ्यात जास्त लक्षात काय राहिलं असेल तर हेच, त्याला माझा इलाज नाही.

शेवटी आम्ही मुलांना खऱ्या ऑर्केस्ट्राकडे नेलं, पण मैफिलीला नाही, तालमीला. हे मी मुद्दाम सांगते कारण मैफिलीत मुलांना गप्प बसवण्यातच सगळ्यांचा जीव जातो. तालमीत लोक साध्या कपड्यात असतात, चुकतात, कंडक्टर थांबवतो, "पुन्हा, बसूनपासून" म्हणतो. मोठी माणसंही चुकतात आणि पुन्हा करतात, हे बघून पोरं खूश. सुरुवातीला ओबोने ४४० चा सूर दिला, सेकंदाला ४४० कंपनं, आणि सगळा ऑर्केस्ट्रा त्यावर लागत गेला. "सर्दीवाला सगळ्यांना सूर देतो?" हे इतक्या मोठ्याने विचारलं गेलं की पुढच्या रांगेतले दोघं वळून बघायला लागले. मला ते आवडलं, कारण बदक नाही, हंसही नाही, आपला सर्दीवाला परत आला होता.

तक्ता लावला तो यानंतर. पोरांनी त्यात लगेच चुका काढायला सुरुवात केली. सॅक्सोफोन पितळी गटात होता, तो त्यांनी हलवायला लावला, "पाती थरथरते ना, मग लाकडीत". बरोबरच आहे त्यांचं. मग गाडी पियानोवर आली. तार आहे म्हणून तंतुवाद्य, हातोडी पडते म्हणून तालवाद्य. दोन गट पडले, मतदान झालं, बरोबरीत सुटलं. मग कुणीतरी सेलेस्टा काढला, दिसतो छोट्या पियानोसारखा पण आत तारा नाहीत, धातूच्या पट्ट्या आहेत, मग तो कुठे? बाईंनी घंटा झाल्याचं सांगितलं तरी चालूच. सध्या पियानो तक्त्याच्या बाहेर भिंतीवर वेगळा चिकटवलाय, आणि पुढच्या वेळी पाइप ऑर्गन ऐकवायचा हुकूम झालाय. त्यात फुंकणारं कुणीच नसतं, तेव्हा तो कुठे चिकटवायचा यावर आत्तापासून तयारी चालू आहे म्हणे.